चिंता आणि कांति

शरीराच्या सर्व अवयवांत कातडीइतका अपमान आपल्या भाषेनें दुसऱ्या कोणत्याहि अवयवाचा केला नसेल. डोळ्यांना तिनें कमळांची उपमा दिली, हृदयाला काव्यांत मानाचें आसन दिलें, हाताला दान दिलें आणि पायाला वंदन दिलें. पण कातडीच्या वाट्याला काय आलें? निर्लज्ज मनुष्य गेंड्याच्या कातडीचा आणि भित्रा मनुष्य कातडीबचाऊ, एवढेंच काय तें तिचें वाङ्मयांतील स्थान. वस्तुतः प्रौढ माणसाच्या अंगावर दीड ते दोन चौरस मीटर पसरलेला हा अवयव; उन्हापावसांत पहाऱ्यावर उभा राहतो तो हाच. पण घराच्या भिंतीकडे रंग उडाल्यावांचून आपण जसें पाहत नाहीं, तसेंच कातडीकडे ती बिघडल्यावांचून कोणी लक्ष देत नाहीं.

परंतु तीच भाषा दुसऱ्या बाजूनें पाहिली म्हणजे एक नवल दिसतें. मनांत जें जें कांहीं घडतें तें सांगण्यासाठीं मराठी माणूस कातडीकडेच धांव घेतो. भीति वाटली कीं त्याच्या अंगावर कांटा उभा राहतो; राग आला कीं अंगाचा तिळपापड होतो, नाहीं तर लाही लाही होते; संकट समोर दिसलें कीं दरदरून घाम फुटतो; वाईट बातमी ऐकली कीं चेहरा पांढराफटक पडतो; काळजीनें तो काळवंडतो, आणि काळजी सरली कीं त्याच चेहऱ्यावर तजेला येतो. ह्या वाक्प्रचारांच्या कर्त्यांनीं सूक्ष्मदर्शक यंत्र पाहिलेलें नव्हतें. तरीहि मन आणि कातडी यांच्यामध्यें कांहीं तरी गुप्त टपाल चालू आहे ही गोष्ट त्यांनीं अचूक हेरली होती. चार्लस डार्विननें १८७२ सालीं भावनांच्या आविष्कारावर ग्रंथ लिहिला, तेव्हां लाजेनें चेहरा लाल होणें ह्या एकाच गोष्टीसाठीं त्यानें स्वतंत्र प्रकरण खर्चीं घातलें, आणि सर्व आविष्कारांत हाच सर्वांत मानवी होय असा अभिप्राय दिला. माकड रागानें लाल होईल. पण लोक आपल्याला काय म्हणतील ह्या विचारानें लाल होणारा प्राणी एक मनुष्यच.

आम्ही हिंगोलीसारख्या गांवीं गेलीं पंचवीस वर्षें महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकवीत आहों. वैद्यकाशीं आमचा संबंध आला तो रोगी म्हणून, किंवा रोग्याचा नातेवाईक म्हणून. मग ह्या विषयावर लिहिण्याचा आमचा अधिकार कोणता, असें वाचकांनीं विचारल्यास उत्तर इतकेंच कीं, समोर बसलेले चेहरे वर्षानुवर्षें पाहत राहणें हें शिक्षकाच्या धंद्यांतील अर्धें काम आहे. पुस्तकांतल्या ओळींपेक्षां ते चेहरेच अधिक पाठ होतात. पावसाळ्याच्या आरंभीं प्रवेश घेतांना नितळ असलेले चेहरे होळीच्या सुमारास कसे होतात हें पाहण्यासाठीं वैद्यकाची पदवी लागत नाहीं. कपाळावर आणि गालांवर मुरमांची गर्दी होते, डोळ्यांखालीं काळीं वर्तुळें येतात, ओठांच्या कडा सोललेल्या असतात. आणि एखादा मुलगा उत्तर आठवीत असतांना मनगट इतकें खाजवीत असतो कीं उत्तरापेक्षां त्याचें मनगटच आपलें लक्ष वेधून घेतें. हे तारुण्याचे विकार आहेत, असें म्हणून आम्ही पुष्कळ वर्षें तें पाहून सोडून देत असूं. पण तारुण्य तर जुलैंतहि असतें! मग मार्चमध्येंच असें काय घडतें?

येथील माघ, फाल्गुन आणि चैत्र हे महिने मोठे चमत्कारिक आहेत. हिंगोली जिल्हा वयानें लहान; १ मे १९९९ रोजीं तो परभणीपासून वेगळा झाला. पण त्याची काळी जमीन जुनी आणि तिच्यांत पिकणारी हळद दूरवर नांव मिळविलेली. वसमत आणि हिंगोली येथील बाजारांत ह्या दिवसांत हळदीच्या पोत्यांच्या थप्प्या लागतात. शेतांत कंद खणून काढणें चालू असतें. ते शिजवून उन्हांत पसरलेले असतात, आणि वाळलेल्या हळकुंडांना फिरत्या पिंपांत घालून झिलई देण्याचा खडखडाट गांवोगांव ऐकूं येतो. ह्याच दिवसांत परीक्षा असतात, आणि त्या आटोपतात न आटोपतात तोंच लग्नसराई सुरू होते. पीक, परीक्षा आणि लग्न, म्हणजे येथील कुटुंबाची वर्षाची सारी कमाई, सारी आशा आणि सारी अब्रू ह्या तीन महिन्यांत पणाला लागते. तेव्हां ह्या दिवसांत कातड्या बिघडतात यांत आश्चर्य तें काय? आश्चर्य असेल तर तें बिघडण्याच्या रीतीचें आहे, आणि ती रीत आतां शास्त्रानें बऱ्याच अंशीं उलगडली आहे.

गर्भावस्थेच्या अगदीं आरंभींच्या आठवड्यांत गर्भाचे तीन थर असतात. त्यांतील सर्वांत बाहेरच्या थराचा कांहीं भाग आंत वळतो आणि त्याचा मेंदु व मज्जारज्जु बनतो. दुसरा भाग बाहेरच राहतो आणि त्याची बाह्यत्वचा बनते. म्हणजे मेंदु आणि कातडी हीं एकाच आईचीं लेकरें. एक माजघरांत वाढलें आणि दुसरें ओसरीवर. माजघरांतली रडारड ओसरीला ऐकूं गेल्यावांचून कशी राहील? भयाचा प्रसंग आला कीं मज्जातंतूंच्या द्वारां आणि मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींच्या द्वारां अंगभर इशारा पोहोंचतो. अ‍ॅड्रिनलिन नांवाचा रस रक्तांत उतरतो. कातडींतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि चेहरा पांढरा पडतो. केसांच्या मुळांशीं असलेले बारीक स्नायु आखडतात आणि कांटा उभा राहतो. तळहातांना घाम सुटतो. हा सर्व सरंजाम वाघ दिसला तर उपयोगाचा आहे, आणि वाघ निघून गेला कीं थोड्याच वेळांत सर्व पूर्ववत् होतें.

पण आमच्या पुढें जो वाघ आहे तो निघून जात नाहीं. तो कर्जाचा हप्ता असतो, लांबलेला पाऊस असतो, अर्ध्या गुणानें हुकलेला प्रवेश असतो, मुलीचें न ठरणारें लग्न असतें. असा ताण महिनेच्या महिने राहिला म्हणजे त्याच ग्रंथींतून कॉर्टिसोल नांवाचा दुसरा रस वाजवीपेक्षां अधिक वाहूं लागतो, आणि मग कातडीचें घर आंतून झिजूं लागतें. कातडीचा सर्वांत वरचा पापुद्रा विटांच्या भिंतीसारखा असतो. मेलेल्या पेशी ह्या विटा, आणि त्यांच्यामधील स्निग्ध पदार्थ हा चुना. दीर्घ काळच्या ताणानें हा चुना कमी पडतो. भिंतींतून आंतलें पाणी झिरपूं लागतें, कातडी कोरडी पडते, आणि बाहेरची धूळ व साबण आंत टोंचूं लागतो. तैलग्रंथींनाहि ह्या रसांची हांक ऐकूं येते, आणि मुरमांना निमित्त मिळतें. मज्जातंतूंच्या टोकांशीं कांहीं विशिष्ट पेशी दारूच्या कोठारासारख्या बसलेल्या असतात. त्या भडकल्या कीं खाज सुटते, अंगावर पित्त उठतें. खाजेनें झोंप जाते, झोंप गेली कीं ताण वाढतो, आणि ताण वाढला कीं खाज वाढते. घाण्याचा बैल एकदां फिरूं लागला कीं त्यानें पहिलें पाऊल कोठें टाकलें हें कोणीच सांगूं शकत नाहीं.

हें केवळ अनुमान नव्हे. अमेरिकेंत स्टॅनफर्ड विद्यापीठांत २२ विद्यार्थ्यांचे चेहरे परीक्षेच्या दिवसांत आणि परीक्षा नसतांना तपासण्यांत आले; ज्यांचा ताण अधिक वाढला त्यांचीं मुरमें अधिक बळावलीं असें २००३ सालीं प्रसिद्ध झालें. ओहायो राज्यांत दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांनीं आपल्या टाळूवर दोन वेळां बारीकशी जखम करून घेतली, एकदां उन्हाळ्याच्या सुटींत आणि एकदां परीक्षेच्या तोंडावर. सारखीच जखम आणि तींच माणसें. पण परीक्षेंतील जखम भरून यावयास सुमारें ४० टक्के अधिक वेळ लागला. हें वर्ष १९९८ चें. जखम तोंडाच्या आंतली होती हें खरें. तथापि त्याच मंडळींनीं १९९५ सालीं कातडीवरहि प्रयोग केला होता, आणि तो आम्हांला अधिक अस्वस्थ करणारा वाटला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाईकांची शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रिया त्यांनीं निवडल्या, आणि तशी जबाबदारी नसलेल्या, त्याच वयाच्या, दुसऱ्या १३. प्रत्येकीच्या कातडीवर साडेतीन मिलिमीटरची जखम केली. दुसऱ्या गटाची जखम सरासरी ३९ दिवसांत भरली; शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांची भरावयास जवळ जवळ ४९ दिवस लागले.

अस्वस्थ करणारा अशासाठीं कीं, आमच्या घरीं असाच प्रसंग आम्हीं पाहिला होता. आमच्या मातोश्री अखेरचीं अडीच वर्षें अंथरुणाला खिळून होत्या, आणि शेवटीं शेवटीं त्यांना घरचीं माणसेंहि ओळखूं येत नव्हतीं. त्यांचें सर्व कांहीं आमची पत्नी करीत असे. त्या काळांत तिच्या मनगटावर तव्याचा चटका बसला. एरवीं असे चटके स्वयंपाकघरांत बसतात आणि विसरलेहि जातात. हा चटका मात्र श्रावणांत बसला तो नवरात्र संपलें तरी ओला होता. मलमें झालीं, मधुमेहाची तपासणी झाली, ती स्वच्छ निघाली. अशा एका उदाहरणावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाहीं, हें आम्ही विद्यार्थ्यांना नित्य सांगतों आणि स्वतःलाहि सांगतों. पण त्या २६ स्त्रियांची हकीकत वाचली तेव्हां त्या आंकड्यांच्या मागें आम्हांला एक मनगट दिसलें. घरांत रोगी एक असतो आणि औषध एकालाच मिळतें. दुसरा रोगी त्याच्या उशाशीं बसलेला असतो, आणि त्याची नोंद त्याच्या कातडीखेरीज कोणीच ठेवीत नाहीं.

आपल्या पूर्वजांना ही गोष्ट अगदींच अपरिचित नव्हती. चरकसंहितेंत अतिचिंतन हें रसवह स्रोतसें बिघडण्याचें कारण म्हणून सांगितलें आहे, आणि ज्याचा रसधातु उत्तम त्याच्या त्वचेचें वर्णन करून त्याला त्वक्सार असें नांव दिलें आहे. म्हणजे चिंता, रस आणि त्वचा ही सांखळी त्यांनीं जोडली होती. तिच्या मधल्या कड्या मात्र प्रयोगशाळेनें घातल्या. पश्चिमेकडे हान्स सेल्ये यानें १९३६ सालीं ह्या सर्वसामान्य प्रतिक्रियेचें वर्णन प्रसिद्ध केलें, आणि पुढें तिला धातूंच्या व तुळयांच्या शास्त्रांतून उचललेला स्ट्रेस हा शब्द कायमचा चिकटला. आमच्या शेतकऱ्याला मात्र लोखंडाची तुळई पाहण्याची गरज पडली नाहीं. पाऊस लांबला कीं तो पिकाला ताण बसला असें म्हणतो. मोसंबीच्या बागेला तर तो बहार धरण्यासाठीं मुद्दाम ताण देतो. कांहीं दिवस पाणी तोडतो, झाड पानें गाळतें, आणि मग पाणी मिळतांच फुलानें भरून जातें. पण तो ताण किती दिवस द्यावयाचा याचा हिशेब त्याच्या बोटांवर असतो. आठ दिवस अधिक झाले तर बहार राहतो बाजूला आणि बागच वाळते. माणसाचेंहि तसेंच आहे. थोड्या वेळच्या ताणानें कातडीची रोगप्रतिकारशक्ति कांहीं काळ वाढतेहि, असें आतां दिसून आलें आहे. घात करतो तो न सुटणारा ताण. दुर्दैव असें कीं बागेला हिशेबानें ताण देणारा तोच बाप मुलाला ताण देतांना मात्र दिवस मोजीत नाहीं.

येथें एका विद्यार्थिनीची हकीकत सांगणें अवश्य आहे. तिचें गांव आणि नांव आम्ही सांगणार नाहीं. आमच्याकडे मुली उन्हासाठीं व धुळीसाठीं तोंडाला ओढणी किंवा स्कार्फ घट्ट बांधून येतात, आणि वर्गांत आल्यावर तो सोडतात. ही मुलगी तो सोडीत नाहीं हें आमच्या ध्यानांत यावयास दिवाळी उजाडली. पुढें ती वर्गांतहि दिसेनाशी झाली. एके दिवशीं ग्रंथालयाच्या जिन्याशीं भेटली, तेव्हां आम्हीं विचारलें, "बाळ, येत नाहींस हल्लीं?" ती म्हणाली, "काय सांगू सर, तोंड आग आग करतंय. उजेडात बसवत नाही." तिनें स्कार्फ अंमळ खालीं घेतला. गाल विस्तवाशीं बसल्यासारखे लाल, त्यांवर बारीक लव आणि मुरमांचे पुंजके.

हळूहळू सर्व कळलें. त्या वर्षीं सोयाबीन पाण्याखालीं गेलें होतें. वडिलांच्या डोक्यावर कर्ज होतें, आणि एक स्थळ चालून आलें होतें. ह्या सर्व धांदलींत मुलीच्या गालांवर मुरमें आलीं. घरांत जो तो तिच्या तोंडाकडे पाहूं लागला. आत्या म्हणाली, मावशी म्हणाली, शेजारीण म्हणाली. कोणी तरी एका औषधाच्या दुकानांतून एक मलम आणून दिलें. चार दिवसांत चेहरा असा उजळला कीं घरांत आनंदीआनंद झाला. पुढें मलम थांबविलें कीं आग होई, लावलें कीं शमे. असे पांच महिने गेले. नांदेडच्या एका त्वचारोगतज्ज्ञांनीं ती नळी हातांत घेऊन पाहिली आणि बाजूला ठेवली. तिच्यांत तीव्र स्टेरॉइड होतें. येथें एक चमत्कारिक गोष्ट आहे. कॉर्टिसोल हा शरीराचा स्वतःचा स्टेरॉइडच. चिंतेनें तो आंतून वाढला होता. वरून त्याच्याच जातीचें, पण कित्येक पट जहाल औषध गालांवर चोळलें जात होतें. वैद्याच्या हातांत हें औषध अमृतासारखें आहे. इसब किंवा सोरायसिस यांनीं गांजलेल्यांना त्यानेंच झोंप मिळते. पण वैद्यावांचून तें महिनोगणती चेहऱ्यावर लावलें तर कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या फुगून वर दिसूं लागतात, आणि तें सोडूं म्हटलें तर कातडी सोडूं देत नाहीं. सरकारनें २०१८ सालीं अशीं मलमें चिठ्ठीवांचून विकण्यास बंदी करणाऱ्या यादींत घातलीं, तरी कागदावरची बंदी आणि दुकानाची फळी यांच्यामध्यें पुष्कळ अंतर असतें.

त्या डॉक्टरांनीं मलम कमी करीत नेलें, साधें औषध दिलें, आणि मुलीला असा एक प्रश्न विचारला कीं जो तोंवर तिला कोणीच विचारला नव्हता: "झोप किती वेळ लागते?" ती एकदम रडूं लागली, असें तिच्या वडिलांनींच आम्हांला सांगितलें. ते म्हणाले, "सर, तिच्या तोंडाकडं आम्ही रोज बघत होतो. ती जागी असते, हे काय आम्हाला दिसलं नाही." चेहरा ताळ्यावर यावयास जवळ जवळ एक वर्ष लागलें. स्थळ केव्हांच निघून गेलें होतें. पण परीक्षेला ती बसली, आणि पुढील वर्षीं स्कार्फ सोडून पहिल्या बांकावर बसूं लागली.

ह्या हकीकतींत मुरमें किती आणि माणसें किती, याचा विचार करूं लागलों म्हणजे आम्हांला वाटतें कीं मनाचा ताण कातडीवर उमटतो हें अर्धेंच सत्य झालें. उरलेलें अर्धें असें कीं कातडीवर जें उमटतें त्याचा ताण पुनः मनावर बसतो, आणि हा दुसरा ताण रोगानें दिलेला नसून आपण दिलेला असतो. कोडाचा पांढरा डाग दुखत नाहीं, खाजत नाहीं, एकाचा दुसऱ्याला लागत नाहीं. तरीहि त्याच्या पायीं किती मुलींचीं आयुष्यें कोंडलीं गेलीं! पुण्याच्या डॉ. माया तुळपुळे यांनीं अशा माणसांना एकत्र आणणारी श्वेता नांवाची संस्था काढली, आणि सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा नितळ हा चित्रपट २००६ सालीं ह्याच विषयावर निघाला, तो उगीच नव्हे. सुशिक्षित घरांत कोणी कोणाला लंगड्या पायाबद्दल तोंडावर विचारीत नाहीं; परंतु बऱ्याच दिवसांनीं भेटलेल्या मुलीला दारांतच "हें काय ग झालें तोंडाला?" असें विचारण्यांत कोणालाहि संकोच वाटत नाहीं. उलट तो जिव्हाळा समजला जातो.

लग्नांतली हळद हें ह्याच वेडाचें मंगल रूप आहे. हळदीविषयीं आम्हांला आदर आहे. जखमेवर हळद दाबण्याचें ज्ञान आपल्या आजीबाईंचें. १९९५ सालीं अमेरिकेंत मिसिसिपी विद्यापीठाच्या संशोधकांना त्याचें पेटंट मिळालें, तेव्हां डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असतांना आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें जुने ग्रंथ पुढें करून तें १९९७ सालीं रद्द करविलें. त्या लढ्याचा अभिमान वाटावयासच हवा. पण हळद लावल्यानें मनुष्य गोरा होत नाहीं. तो कांहीं वेळ पिवळा दिसतो एवढेंच. आणि वसमतेकडच्या शेतांतून जातांना आम्हीं ज्या बाया पाहिल्या आहेत, सकाळपासून मातींतले कंद मोडणाऱ्या, शिजलेली हळद उन्हांत पसरणाऱ्या, त्यांच्या हातांना वर्षांतून तीन महिने नवरीहून अधिक हळद लागलेली असते. त्या हातांवरील भेगा मात्र हळदीनें बुजत नाहींत. कारण त्या भेगांत माती आहे, ऊन आहे, आणि घरीं गेल्यावर कोणाचें देणें द्यावयाचें हा विचारहि आहे. नवरीच्या गालांवरचें तेज ज्या हातांतून येतें त्या हातांची कांति कशी आहे, हें लग्नमंडपांत कोणी विचारीत नाहीं.

ह्याच जिल्ह्यांत नरसी हें गांव आहे. नामदेवांचें जन्मस्थान म्हणून तें पूजिलें जातें. आणि ह्याच जिल्ह्यांत औंढा नागनाथ आहे, जेथें नामदेवांना विसोबा खेचर हे गुरु भेटले. विसोबा शंकराच्या पिंडीवर पाय ठेवून निजले होते ही कथा सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्या कथेच्या एका पाठांत आणखी एक गोष्ट सांगतात, ती अशी कीं, त्या वेळीं विसोबांनीं रोगानें कातडी झडलेल्या माणसाचें रूप घेतलें होतें. देव पिंडीपुरता नाहीं हें शिकण्याच्या आधीं गुरु कातडीपुरता नाहीं हें नामदेवांना शिकावें लागलें, असा तिचा अर्थ आम्ही करतों. औंढ्याला आम्ही सर्वच जातों. पिंडीची गोष्ट घेऊन परततों, आणि कातडीची तेथेंच ठेवून येतों.

एवढें लिहिल्यावर दुसऱ्या टोंकाला जाण्याचा मोह टाळला पाहिजे. सर्वच त्वचारोगांचें खापर मनावर फोडणें हा नवा अंधविश्वास होईल. नायटा बुरशीनें होतो, खरूज एका सूक्ष्म किड्यानें होते, आणि कुष्ठरोगाचे जंतु तर नॉर्वेंतील हान्सेननें १८७३ सालींच शोधून काढले. त्यांना औषधच पाहिजे. मनाला शांत ठेवून ते जात नाहींत. सोरायसिस, इसब, पित्त, चाई यांचें मूळहि पुष्कळदां आनुवंशिक प्रकृतींत किंवा रोगप्रतिकारशक्तीच्या बिघाडांत असतें. ताण त्यांना डिवचतो, वाढवितो, बरे होऊं देत नाहीं. केस पिकण्याच्या बाबतींतहि असेंच. भीतीच्या प्रसंगीं सुटणाऱ्या रसानें उंदरांच्या केसांना रंग देणाऱ्या मूळ पेशी संपून जातात असें हार्वर्डच्या संशोधकांनीं २०२० सालीं दाखविलें. पण म्हणून प्रत्येक पांढऱ्या केसाला सुनेचें किंवा सासूचें नांव देण्याचें कारण नाहीं. शिवाय, "तूं काळजी करतोस म्हणून तुला हें झालें" असें रोग्याला ऐकविणें म्हणजे त्याच्या काळजींत आणखी एकीची भर घालणें होय. कर्जाखालीं दबलेल्या माणसाला "चिंता सोडा" असें सांगणें जितकें सोपें तितकेंच निरर्थक आहे. त्याची चिंता सोडवावयाची तर विम्याचे पैसे वेळेवर आले पाहिजेत आणि मालाला भाव मिळाला पाहिजे. कांहीं त्वचारोगांची अर्धी चिकित्सा दवाखान्यांत होते आणि उरलेली बाजार समितींत, हें विधान आम्ही थट्टेनें करीत नाहीं.

मग हातीं राहतें तें काय? बरेंच राहतें. बाह्यत्वचा साधारणतः चार आठवड्यांत नवी होते. इतका क्षमाशील अवयव दुसरा नसेल. तिला घांसूं नये, खाजवूं नये, जाहिरातींतलें मलम लावून तिची परीक्षा पाहूं नये. सौम्य साबण, थोडा स्निग्धपणा, उन्हापासून आडोसा, आणि त्रास राहिला तर औषधाच्या दुकानाच्या आधीं डॉक्टर, इतकें तिला पुरतें. झोंप मात्र तिला उसनी चालत नाहीं. परीक्षेच्या आधींच्या रात्रीं मुलगा जागतो याचा अभिमान बाळगणाऱ्या घरांनीं एवढें लक्षांत ठेवावें कीं त्या जागरणाची नोंद उत्तरपत्रिकेंत होवो वा न होवो, कातडीवर होण्याचा संभव पुष्कळ असतो.

आणि कुटुंबांत एक लहानसा बदल आजपासून करतां येण्यासारखा आहे. त्यास पैसा लागत नाहीं. घरांत कोणाचा चेहरा उतरलेला, काळवंडलेला, पुटकुळ्यांनीं भरलेला दिसला, तर "तोंडाला काय लावतेस?" हा प्रश्न जिभेवर येईल, तो तेथेंच ठेवावा. त्या ऐवजीं जवळ बसावें, आणि रात्रीं झोंप लागते कीं नाहीं तें विचारावें. उत्तर यावयास वेळ लागेल. तेवढा वेळ आपण उठूं नये.